शेरा : शिक्षकाचा आणि यंत्राचा

सुरुवातीला थोडे गणित करू. पनवेलसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे पाच तुकड्या आहेत आणि प्रत्येक तुकडीत पन्नास मुले आहेत, असे समजा. एका प्रश्नाचे पाच-सहा ओळींचे उत्तर प्रत्येकाने वहीत लिहिले. ते वाचायला एक मिनिट आणि त्याखाली विचारपूर्वक दोन वाक्ये लिहायला एक मिनिट, असा अगदी काटकसरीचा हिशेब धरला तरी २५० वह्यांना ५०० मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात. हे झाले एका प्रश्नाचे! मग वहीत बरोबरची खूण, तारखेसह सही आणि फार तर 'छान' किंवा 'अक्षर सुधारा' एवढेच उमटते. यात कामचुकारपणाचा भाग किती आणि साध्या गुणाकाराचा किती, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

२०२२ सालच्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक प्रणालींनी या गुणाकारावर एक उत्तर पुढे केले आहे. विद्यार्थ्याचे उत्तर यंत्राला द्यावे, 'यावर शेरा लिही' असे सांगावे, की काही सेकंदांत शुद्ध मराठीत चार वाक्यांचा शेरा तयार! हे सोयीचे आहे यात शंका नाही. ते उपयोगाचे आहे का, हे मात्र शेरा म्हणजे काय यावर अवलंबून आहे. यंत्राकडून विद्यार्थ्याला त्याच्या कामाची पावती द्यावी या प्रयत्नांना आज शंभर वर्षे झाली आहेत. त्या इतिहासात आपल्या महाराष्ट्रातलेही एक प्रकरण आहे, आणि ते या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाते.

झडपेला जोडलेले गोळे

शेऱ्याला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत 'प्रत्याभरण' असा भारदस्त शब्द आहे. ही कल्पना मूळची अभियांत्रिकीतली. १७८८ साली जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला एक गतिनियंत्रक बसवला. इंजिनाचा वेग वाढला की त्यावरचे दोन फिरते गोळे बाहेरच्या बाजूला फेकले जात, त्यांना जोडलेल्या दांड्यांमुळे वाफेची झडप थोडी मिटत असे आणि वेग उतरत असे. वेग कमी झाला की याच्या उलट घडे. म्हणजे इंजिनाने काय केले याची बातमी इंजिनाकडेच परत जाते आणि तिच्यामुळे त्याची पुढची क्रिया बदलते.

१९८३ साली अर्कलगुड रामप्रसाद यांनी या कल्पनेची नेमकी व्याख्या मांडली. प्रत्यक्ष पातळी आणि अपेक्षित पातळी यांच्यातील अंतराची माहिती ते अंतर बदलण्यासाठी वापरली गेली, तरच तिला प्रत्याभरण म्हणायचे. ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली ही व्याख्या वर्गातल्या अध्यापनाला लावली. या व्याख्येने पाहिले तर वहीत लिहिलेला, पण विद्यार्थ्याने ज्यावर पुढे काहीच केले नाही असा शेरा म्हणजे झडपेला न जोडलेले गोळे होत. ते फिरतात, दिसायला छान दिसतात, पण इंजिनाला त्यांचा पत्ता नसतो.

न वाचणारी यंत्रे

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२४ साली मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत टंकलेखन यंत्रासारखी दिसणारी एक पेटी मांडली. तिच्या खिडकीत प्रश्न व त्याची चार पर्यायी उत्तरे दिसत आणि विद्यार्थ्याने चारपैकी एक कळ दाबायची असे. पेटीला दोन प्रकारे चालवता येई. एका प्रकारात ती फक्त गुण मोजत असे. मागचा एक खटका वर केला की मात्र बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न खिडकीत येतच नसे. खटक्याच्या एका हालचालीने परीक्षा घेणारे यंत्र शिकवणारे यंत्र बनत होते. पण १९३०च्या सुमारास आलेल्या जागतिक मंदीत अशा यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले नाही आणि प्रेसींचा प्रयत्न मागे पडला.

१९५३ साली प्रसिद्ध वर्तनवादी बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. मुले उदाहरणे सोडवत होती, पण आपले बरोबर आहे की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हते. हे पाहून स्किनर यांनी स्वतःचे शिक्षणयंत्र बनवायला घेतले. त्यात विद्यार्थी उत्तर कागदाच्या पट्टीवर लिहीत असे, मग दांडा सरकवून बरोबर उत्तर उघड करत असे आणि दोन्हींची तुलना स्वतःच करत असे.

या दोन्ही यंत्रांनी एक महत्त्वाची गोष्ट साधली, ती म्हणजे तत्परता. मात्र दोघांनाही विद्यार्थ्याचे लेखन वाचता येत नव्हते. प्रेसींचे यंत्र कळ ओळखत होते, तर स्किनर यांचे यंत्र वाचण्याचे काम विद्यार्थ्यावरच सोपवत होते.

एकाच माणसाचे दोन प्रयोग

यापुढचे पाऊल एलिस पेज यांचे. हे गृहस्थ पूर्वी शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. ७४ शिक्षकांनी आपापल्या वर्गात नेहमीसारखी चाचणी घेतली आणि नेहमीसारखी तपासली. विद्यार्थी एकूण २,१३९ होते. मग यदृच्छेने त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला फक्त गुण व श्रेणी मिळाली. दुसऱ्या गटाला श्रेणीबरोबर एक ठरावीक वाक्य मिळाले. 'अ' श्रेणीला एक वाक्य, 'ब' श्रेणीला दुसरे, आणि हे वाक्य सर्व शाळांत सारखेच. तिसऱ्या गटाच्या उत्तरपत्रिकांवर शिक्षकांनी त्या त्या विद्यार्थ्याला उद्देशून मनात येईल ते लिहिले. त्यानंतरच्या चाचणीत तिसरा गट सर्वांत पुढे, पहिला सर्वांत मागे आणि ठरावीक वाक्याचा गट मध्ये राहिला. पुढे इतरांनी केलेल्या अशा प्रयोगांत इतका स्वच्छ निकाल दर वेळी मिळाला नाही हे खरे. पण प्रश्न कसा विचारायचा हे पेज यांनी दाखवून दिले.

आणि याच पेज यांनी आठ वर्षांनी, १९६६ साली, निबंध तपासण्याचे काम संगणकाकडे देता येईल अशी घोषणा केली. तपासणीच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकांची त्यांना कल्पना होतीच. निबंध छिद्रांच्या कार्डांवर उतरवून संगणकाला दिले जात. संगणकाला अर्थ कळत नव्हता. तो निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी अक्षरे, स्वल्पविरामांची संख्या, विरळ शब्दांचे प्रमाण अशा बाबी मोजत असे आणि त्यांवरून माणूस किती गुण देईल याचा अंदाज करत असे. तो अंदाज बराच जुळे. दोन परीक्षकांचे एकमेकांशी जितके पटते, जवळजवळ तितकेच संगणकाचे त्यांच्याशी पटत होते.

हे कसे शक्य झाले? तापमापीला रोग दिसत नाही, फक्त ताप दिसतो. पण ताप आणि रोग बहुधा बरोबरीने येतात, म्हणून तापमापी उपयोगी पडते. चांगले लिहिणारी मुले सहसा लांब लिहितात, वेगळे शब्द वापरतात. मात्र शाळा बुडवायला निघालेल्या मुलाला तापमापी गरम चहात बुडवता येते. १९९९पासून अमेरिकेतील व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेत निबंधांना गुण देण्यासाठी माणसाच्या जोडीने संगणक वापरला जाऊ लागला, आणि २०१४ साली लेस पेरेलमन यांनी नेमका हा चहाचा प्रयोग केला. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने लांबलचक शब्दांची पूर्णपणे निरर्थक वाक्ये जुळवणारी एक संगणक प्रणाली बनवली. तिचे निबंध निबंध तपासणाऱ्या यंत्रांकडून उत्तम गुण मिळवत.

आपल्याकडील वर्णनात्मक नोंदी

आता महाराष्ट्रात येऊ. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्यानुसार राज्य शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी वर्षभर आकारिक मूल्यमापन करायचे, सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन करायचे आणि निकाल श्रेणीत द्यायचा. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तर सातवी-आठवीला ४० टक्के. याच्या जोडीला शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. प्रगतिपत्रकातील 'विशेष प्रगती', 'आवड-छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' हे रकाने सर्वांच्या परिचयाचे आहेत.

या मागणीमागची दृष्टी निःसंशय चांगली होती. आकड्याऐवजी वाक्य मागितले की शिक्षकाला मुलाकडे पाहावेच लागेल, अशी ती कल्पना. पण पुन्हा गुणाकार आड आला. वर्गात ४० मुले आणि आठ विषय धरले, तर एका सत्रात ३२० आणि वर्षात ६४० नोंदी होतात, त्याही प्रत्येक विषयाला एकच नोंद धरून. लवकरच नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या. आधी पुस्तिका आणि झेरॉक्सचे कागद आले, नंतर मोबाइलवरून पाठवलेल्या फाइली. 'परिसरातील वस्तूंचे निरीक्षण करतो', 'गणिती क्रिया अचूक करतो', 'गटकार्यात सहभागी होतो' अशा धर्तीची विषयवार शेकडो वाक्ये. पुढे तंत्रस्नेही शिक्षकांनी निकालपत्रकाचे एक्सेलमधले तक्ते बनवले आणि त्यांत यादीतून वाक्य निवडायचीही सोय झाली. 'करतो'चे 'करते' करायला विसरल्यामुळे मुलींच्या प्रगतिपत्रकांवर पुल्लिंगी नोंदी उमटल्याचे किस्से शिक्षकांच्या खोलीत हसत-हसत सांगितले जात.

कृत्रिम बुद्धिमत्ता येण्याआधीच आपला शेरा असा स्वयंचलित झाला होता. पेज यांच्या प्रयोगाच्या भाषेत सांगायचे तर तिसरा गट व्हावा म्हणून निघालेली योजना दुसऱ्या गटात जाऊन बसली. कारण सरळ आहे. जे वाक्य केवळ श्रेणीवरून ठरते, त्यात श्रेणीपेक्षा अधिक माहिती असूच शकत नाही. 'ब-१' हेच ते लांब करून सांगते. ज्या शिक्षकांनी वेळ काढून स्वतःच्या शब्दांत नोंदी लिहिल्या, त्यांच्या वह्या पाहिल्या म्हणजे मूळ आदेशाला काय हवे होते ते कळते.

शेऱ्याने नुकसानही होते

शेरा दिला म्हणजे फायदाच होतो, असेही नाही. इस्रायलमधील रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त कामाविषयी शेरा दिला आणि काहींना दोन्ही दिले. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले. दोन्ही मिळालेली मुले मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की त्याखालचे वाक्य निकामी होते. १९९६ साली क्लूगर आणि डीनिसी यांनी तोवरच्या प्रयोगांतील ६०७ निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रत्याभरणामुळे कामगिरी घसरली होती. शेरा कामाकडून हटून माणसाकडे वळला, म्हणजे 'तू हुशार आहेस' किंवा 'तुझे लक्ष नसते' असे म्हणू लागला, की त्याची उपयुक्तता कमी होते.

आजचे यंत्र काय करते

नव्या प्रणाली पेज यांच्या संगणकाहून फार वेगळ्या आहेत. प्रचंड मजकुरावरून कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याचा संभव किती, हे त्या शिकलेल्या असतात आणि त्या आधारावर एकेक तुकडा जोडत वाक्ये रचतात. त्यांचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे. तयार यादीतील नोंद श्रेणीवरून ठरत होती. या प्रणालींचा शेरा मुलाच्या प्रत्यक्ष उत्तरावरून ठरू शकतो. उत्तरातली कोणती पायरी सुटली, कोणता शब्द चुकीच्या अर्थाने वापरला, हे त्या पुष्कळदा बरोबर दाखवतात. उत्तरात काय-काय अपेक्षित आहे ते शिक्षकाने आधी लिहून दिले, तर त्या आणखी नेमके बोलतात.

त्यांचे दोषही याच रचनेतून येतात. आधार असो वा नसो, वाक्य गुळगुळीतच येते. त्यामुळे चुकीचा शेरा वाचताना संशय येत नाही. स्तुती सढळ असते. आणि त्यांच्या शिकवणीत इंग्रजी मजकूर अफाट, त्यामानाने मराठी थोडा आणि मराठीतल्या बोली तर नाममात्र. ही शेवटची बाब आपल्या भागात किती महत्त्वाची ठरते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

भांगाची भरती

पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. गाढी नदी माथेरानच्या डोंगराकडून येऊन या खाडीला मिळते. खाडीच्या बाजूच्या गावांत आगरी आणि कोळी समाजाची वस्ती आहे, डोंगराकडच्या वाड्यांत कातकरी आणि ठाकूर आहेत. आगरी बोलीत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. अशा एका गावातल्या मुलाने 'भरती का येते?' या प्रश्नाला पुढील उत्तर लिहिले, असे समजा : 'चंद्र पानी खेचतो म्हनून भरती येते. भांगाला पानी कमी चढते.'

यंत्राने यावर 'प्रयत्न चांगला आहे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. भांग या शब्दाचा विषयाशी संबंध स्पष्ट होत नाही' असे लिहिले, तर त्याला दोष देता येणार नाही. शहरात वाढलेल्या शिक्षकानेही कदाचित हेच लिहिले असते. केसांतला भांग आणि प्यायची भांग एवढेच त्याला माहीत. पण किनाऱ्यावर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला भांगाची भरती म्हणतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण. म्हणजे ज्या वाक्यावर फुली पडली तेच त्या उत्तरातले सर्वांत मौल्यवान वाक्य होते! चंद्राबरोबर सूर्याचीही ओढ असते आणि अष्टमीला दोघांच्या दिशा काटकोनात असल्यामुळे त्यांचा एकत्रित परिणाम कमी होतो, या शास्त्रीय सत्याच्या उंबरठ्यावर तो मुलगा उभा आहे.

हे ओळखणाऱ्या बाई कदाचित असे लिहितील : 'भांगाचे निरीक्षण अगदी बरोबर. त्या दिवशी आकाशात चंद्र आणि सूर्य कुठे असतात ते पाहा. आणि चंद्रच पाणी खेचतो, तर तो डोक्यावर नसतानाही सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती का येते? खाडीवर चार दिवस भरतीच्या वेळा लिहून आण.' वेळा लिहिल्यावर मुलाला दिसेल की भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, आणि चंद्रही तेवढाच उशिरा उगवतो. इथे गोळे झडपेला जोडले गेले.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या विज्ञानात भाषेचा अडसर किती मोठा असतो, याकडे १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने फार पूर्वीच लक्ष वेधले होते. पनवेलहून लोकलने मुंबईकडे जाताना लागणाऱ्या मानखुर्दला हे केंद्र आहे. त्याचे संस्थापक-संचालक डॉ. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी करून पाहिली, तेव्हा मुलांचे विज्ञानाचे आकलन सुधारले. तेव्हा पुस्तकाची भाषा मुलापासून दूर होती. उद्या शेऱ्याची भाषा तशी होऊ नये, एवढी काळजी घ्यायला हवी.

अदलाबदलीची कसोटी

मग यंत्र वापरावे की नाही? ५०० मिनिटांचा गुणाकार खरा आहे, तोवर 'अजिबात नको' हे उत्तर सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. वापरायचे तर काम कसे वाटून घ्यायचे, हे वरील इतिहास सांगतो. गणितातली पायरी चुकली, एकक लिहायचे राहिले, आकृतीला नावे दिली नाहीत, अशा तत्पर दुरुस्त्या प्रेसींच्या काळापासून यंत्राला जमतात. त्या त्याच्याकडे जाऊ द्याव्यात. सर्व वर्गात कोणती चूक वारंवार होते याचा गोषवाराही त्याने काढावा. त्याला उत्तर देताना मुलाचे नाव, शाळा किंवा घरची माहिती देऊ नये. त्याचा शेरा वहीत जाण्यापूर्वी शिक्षकाने मूळ उत्तरासह वाचावा. अशा प्रकारे वाचलेल्या वेळातून रोज निदान पाच मुलांना तरी स्वतःच्या हाताने लिहावे. पाच म्हणजे पन्नासांच्या वर्गाला दहा दिवसांत एक फेरी होते.

आणि शेरा यंत्राचा असो, यादीतला असो की स्वतःचा, त्याला एक सोपी कसोटी लावता येते. एका वर्गातले दहा शेरे वेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा, नावे काढून टाका, चिठ्ठ्या मिसळा आणि दुसऱ्या शिक्षकाला दहा वह्यांशी त्या जुळवायला सांगा. जुळल्या, तर ते शेरे त्या मुलांचे आहेत. जुळल्या नाहीत, तर ते कोणाचेच नाहीत. यानंतर आठवड्याने त्याच वह्या पुन्हा उघडा आणि किती मुलांनी शेऱ्यानंतर काही तरी बदलले आहे ते मोजा. या दोन आकड्यांची नोंद शाळेतील दोन-तीन शिक्षकांनी मिळून एक सत्रभर ठेवली, तर यंत्राविषयीच्या वादात आपल्या वर्गापुरते तरी पुराव्यानिशी बोलता येईल.